सोबतीची खुर्ची

यंत्रानं माझ्या सासूबाईंचं नाव दिलं तेव्हा हितेश मोठ्यानं हसला. समोर डॉक्टर हसत नाहीयेत हे लक्षात आल्यावर त्यानं ते हसू खोकल्यात बुडवलं.

“मॅडम, उज्ज्वला वारके ही माझी आई. नवरा मी आहे. हितेश वारके.”

“मला माहितीये,” डॉ. शबनम तडवी म्हणाल्या आणि त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला.

पडद्यावर दोन रेघा होत्या. खालच्या रेघेवर हितेशचं नाव होतं. आमच्या तान्ह्या मिहूच्या मुठीत पेन्सिल दिली तर ती जशी ओढेल, तशी ती रेघ होती. वर जाते, मध्येच अडकते, धपकन खाली येते. वरची रेघ मात्र एकसारख्या लाटांची, शिलाई मशीनखालून निघाल्यासारखी. तिच्यावर लिहिलेलं, उज्ज्वला वारके.

“देवयानीचा श्वास घरात सगळ्यांत स्थिर असतो तो सासूबाई जवळ असताना. ऑपरेशनच्या वेळी सोबतीच्या खुर्चीवर त्यांनी बसावं, असं यंत्र म्हणतंय.”

नऊ महिन्यांची मिहू माझ्या मांडीवर बसून पोटावरच्या श्वासपट्ट्याचा हूक चघळत होती. मी तो तिच्या तोंडातून काढला. तिनं परत घातला. मी परत काढला. हितेशकडे बघायचं टाळायला मला तेवढंच काम होतं.

मला एकच किडनी आहे, जन्मापासून. हे मिहूच्या वेळच्या सोनोग्राफीत कळलं. तोवर त्या बिचारीनं कुणाला न सांगता दोघींचं काम एकटीनं केलेलं होतं. आणि या उन्हाळ्यात तिच्यात खडा झाला. आमच्या सावदा-रावेर पट्ट्यात आता खड्याचं कुणाला नवल नाही. पारा सत्तेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो, प्यालेलं पाणी घामातच जातं, आणि गल्लीत कुणी ना कुणी कंबर धरून बसलेलं असतं. पण त्यांच्याकडे दुसरी किडनी असते. माझ्या खड्यानं वाट अडवली तेव्हा दिवसभर मला लघवीच झाली नव्हती. तातडीनं आत एक नळी घालून वाट मोकळी केली, म्हणून वाचले. आता खडा काढायला हवाच होता, आणि काढताना या एकुलत्या किडनीला काही होता कामा नये. झालं, तर जन्मभर डायलिसिस. मिहू अजून नीट रांगायलाही लागली नव्हती.

“श्वासाचा आणि खड्याचा काय संबंध?” हितेशनं विचारलं. आवाज चिडलेला होता.

डॉ. तडवींनी मिहूकडे पाहिलं. “हिची नखं तुम्ही कधी कापता?”

“झोपली की,” मी म्हणाले.

“समजा, ही पाळण्यात झोपलीये, पाळणा हलतोय आणि तो थांबवायचा नाही. थांबवला तर ही उठणार. मग?”

“पाळणा अलीकडे आला की एक नख कापायचं. परत आला की दुसरं.”

“हेच,” त्या म्हणाल्या.

किडनी बरगड्यांच्या खाली, पाठीच्या बाजूला असते. आपण श्वास आत घेतला की छातीखालचा पडदा तिला खाली ढकलतो, सोडला की ती वर येते. दोन-तीन बोटांचं अंतर, रात्रंदिवस. खडा फोडायची दुर्बीण लघवीच्या वाटेनं वर चढवतात. ती मोबाइलच्या वायरीइतकी बारीक आणि पाहिजे तशी वळणारी. तिच्या आतून केसासारखा लेझरचा तंतू जातो आणि खड्याचा पार भुगा करतो. पण खडा तर झोके घेतोय. लेझर अर्ध्या श्वासाच्या फरकानं चुकला तर खड्याऐवजी किडनीच्या कातडीवर बसणार.

म्हणून पूर्वी पूर्ण भूल द्यायचे, घशात नळी घालायचे आणि माणसाचा श्वासच यंत्राच्या ताब्यात द्यायचे. त्याला भूलतज्ज्ञ लागतात, आणि ते आता मोठी शहरं सोडून इकडे यायला तयार नाहीत. त्यातून ‘अनुश्वास’ हे यंत्र आलं. ते माणसाला झोपवत नाही. कमरेतून सुई देऊन खालचा भाग बधिर करायचा, माणूस जागाच. आधी काही दिवस घरी पट्टा बांधून यंत्रानं त्याचा श्वास शिकून घ्यायचा, आणि मग दुर्बीण त्या श्वासाबरोबर झुलवत, पाळणा अलीकडे येईल त्या क्षणालाच लेझर सोडायचा.

“आणि ऐन वेळी श्वास बिघडला तर?” मी विचारलं.

“यंत्र थांबतं, वाट बघतं. पण दुर्बिणीतून आत पाणी सोडावं लागतं, ते चालूच राहतं. वेळ जितका लांबेल तितका किडनीवर ताण. ज्यांना दोन आहेत त्यांचं ठीक आहे. तुमच्या बाबतीत मला श्वास बिघडायलाच नकोय.” त्यांनी पडदा बंद केला. “म्हणून सोबती. ज्याच्याजवळ तुम्ही निवांत असता असा माणूस उशाशी बसवतो आम्ही. पट्टा घरातल्यांचे आवाज ओळखून हे शोधतो.”

“म्हणजे माझ्याजवळ ती निवांत नसते,” हितेश म्हणाला.

“तुमच्याजवळ त्या हसतात, भांडतात, सुस्कारे टाकतात, बोलता बोलता घास गिळतात. यंत्राला यातलं काहीच नको असतं, मिस्टर वारके. मनाला लावून घेऊ नका.”

त्यानं लावून घेतलं. सावद्याला दारात गाडी लागली तेव्हा म्हणाला, “सुस्कारे टाकतेस म्हणे माझ्याजवळ.”

“मग कुणाजवळ टाकू?”

“आईजवळ तर नाही टाकत.”

मी मिहूला कडेवर घेऊन खाली उतरले.

आमच्या घरामागं केळीच्या वेफर्सची भट्टी आहे. ती आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. सासऱ्यांच्या मागं त्यांनी एकटीनं उभी केली. तळण त्यांच्याकडे, ऑर्डरी आणि पॅकिंग माझ्याकडे, त्यामुळे दिवसभर आम्ही दोघी दहा पावलांच्या आत असतो. हितेश सोलर पंपांच्या दुरुस्तीला गावोगाव हिंडतो आणि संध्याकाळी उगवतो. आम्ही आत गेलो तेव्हा आत्याबाई कढईपाशी होत्या. मी सांगितलं. त्यांचा झारा हवेतच राहिला.

“कोणी सांगितलं? डॉक्टरनीनं?”

“मशीननं, आत्याबाई.”

“मशीननं माझं नाव काढलं?”

“हो.”

“आई, वेफर जळतायत,” हितेश म्हणाला.

“जळू दे!” त्यांनी झारा ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. घाम पुसला की आणखी काही, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला माहीत झालं होतं. शेजारच्या फिरके काकूंना त्या कुंपणावरून सांगत होत्या, “लोकांच्या सुना सासूचं तोंड बघून नाही राह्यल्या, आन् माझ्या सुनेचा श्वास माझ्यापाशी लागतो. मशीन खोटं बोलतं का, व माय?”

त्या बदलल्याच. माझ्या ताटात आधी वाढायला लागल्या. माझ्या हातातून पातेलं काढून घेऊन “बस तू” म्हणायला लागल्या. एकदा मिहूला चमच्यानं दूध पाजायची सवय करत होत्या, कारण ऑपरेशननंतर दोन दिवस मी तिला अंगावर पाजू शकणार नव्हते. मिहू दूध फुर्रकन उडवत होती आणि आत्याबाई तोंडावरचे थेंब न पुसता मला म्हणाल्या, “मला वाटे, तू माझ्यावर रुसलेलीच राहते. वाटे, हिला मी आवडत नाही.”

“नाही हो, आत्याबाई,” मी म्हणाले.

खरं काय ते मला त्यानंतर कळलं. सकाळची वेळ. मी पुढच्या खोलीत बसून ऑर्डरी बघत होते. मिहू पायाशी, मी तिच्यासाठी काहीतरी वेडंवाकडं गुणगुणत होते, आणि फोनवर पट्ट्याची रेघ उघडीच होती. ती गाण्याबरोबर नाचत होती, मिहूनं केस ओढले की उडी मारत होती. मग मागच्या दारात चपला वाजल्या. आत्याबाई आत आल्या नव्हत्या, नुसत्या चपला वाजल्या. मी गायची थांबले. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती रेघ सरळ झाली. जशी मी मोठं माणूस आलं की ओढणी सावरते आणि पाय खाली घेते, तसा माझा श्वास पाय खाली घेऊन नीट बसला.

मी बघतच राहिले.

लग्न होऊन आले त्या वर्षी आत्याबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, “तू बोलून राह्यली की उपकार करून राह्यली?” त्यांना ते लगेच आठवेनासंही झालं असेल. मी मात्र तेव्हापासून त्यांच्यासमोर शब्द मोजून बोलते. मग हसणं मोजून, भांड्यांचा आवाज मोजून. डोकं दुखलं तरी त्यांच्यादेखत कपाळाला हात लावत नाही. श्वासही त्यातच कधीतरी मोजून घ्यायला लागले, हे त्या रेघेनं मला सांगितलं. यंत्राला रेघ सरळ दिसली. ती सरळ का आहे, हे त्याला कुणी विचारायला शिकवलं नव्हतं.

मी डॉ. तडवींना फोन लावला. पलीकडे वाजत होता तेवढ्यात आत्याबाई दोन साड्या घेऊन दारात.

“देवयानी, यातली कोणती नेसू? तिथं सगळं हिरवंच असतं म्हणे. हिरवी चालेल का, की त्यांच्यात मिसळून जाईन?”

मी फोन बंद केला.

“हिरवी छान दिसते तुम्हाला,” मी म्हणाले. एका लयीत.

त्यानंतर मी स्वतःला खूप समजावलं. यंत्राला स्थिर श्वास हवा, तो त्यांच्याजवळ असतो. का असतो याच्याशी खड्याला काय करायचंय? उलट भीतीपोटी का होईना, माझी एकुलती किडनी सुखरूप राहणार असेल तर ते भलंच की. आणि आता सांगायचं तरी काय? गल्लीभर मिरवलेलं त्यांचं सुख काढून घ्यायचं? हितेशला ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ म्हणायला मोकळं करायचं? मी गप्प बसले. मिहूकडे बघितलं की भीती वाटायची, आणि आत्याबाई जवळ असल्या की ती भीतीही शिस्तीत बसायची.

ऑपरेशनच्या सकाळी हितेशनं मिहूला माझ्याकडून घेतलं. गेले काही दिवस तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता. त्यानं मिहूचा हात धरून माझ्या गालावर ठेवला, आणि त्यावर स्वतःचा ठेवला.

“काढ सुस्कारा एखादा,” तो म्हणाला. “माझ्या वाटणीचा.”

मला सुस्कारा नाही, रडू आलं. मागून आत्याबाई येताना दिसल्या, आणि ते थांबलं.

आतली खोली थंड होती. कमरेत सुई दिली, पाय हळूहळू दुसऱ्या कुणाचे तरी झाले. यंत्र म्हणजे माझ्या पायांकडे उभा असलेला एक पांढरा खांब आणि त्याला दोन बारीक हात, डॉक्टर थोड्या बाजूला पडद्यापुढे बसलेल्या. माझ्या डोक्यावरही एक पडदा होता, मला दिसेल असा. त्यावर एक गोल होता, माझ्या श्वासाबरोबर फुगणारा. स्थिर असेल तोवर हिरवा.

“ऐका,” डॉ. तडवी म्हणाल्या. “कमरेखाली काही कळणार नाही. पण बरगडीखालची जाण मी मुद्दाम थोडी शिल्लक ठेवलीये. दुर्बिणीच्या टोकाला दाब मोजायचं साधन आहे, पण ते टोक जिथं असेल तिथलाच दाब सांगतं. बाकीच्या किडनीचं तुम्ही सांगायचं. तिथं भरल्यासारखं वाटलं, ठणकलं, की लगेच.”

“हो.”

आत्याबाई उशाशी खुर्चीवर बसल्या. वरून गाऊन, डोक्याला टोपी, आणि गाऊनखाली ती हिरवी साडी. त्यांनी माझा हात हातात घेतला. चार वर्षांत पहिल्यांदा. तळहात तेलानं मऊ झालेला होता.

गोल हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

“काय सुंदर श्वास आहे!” डॉक्टर म्हणाल्या. “सुरू करतेय.”

दुसऱ्या पडद्यावर माझ्या आतलं दिसायला लागलं. गुलाबी, ओलं, एका बोळातून दुसरा बोळ फुटत गेलेलं. एका बोळाच्या तोंडाशी खडा बसलेला, काळपट पिवळा, खडबडीत. लेझर टिकटिक करत त्याला टोचत होता, पाण्यात धूळ उडत होती. आत्याबाई मिहूबद्दल बोलत होत्या. तिनं काल चमचाभर दूध खरंच गिळलं, दुसरा चमचा त्यांच्या चष्म्यावर उडवला, हितेश लहानपणी अस्साच होता. मी “हं” म्हणत होते.

मग बरगडीखाली कुणीतरी आतून अंगठा टेकवला.

फार नाही. जेवण जास्त झाल्यावर वाटतं तेवढं. मी पडद्याकडे पाहिलं. गोल हिरवा. दाबाचा आकडाही हिरवा.

“देवयानी, ठीक?”

“हो.”

अंगठ्याची मूठ झाली. मूठ हळूहळू उघडायला लागली आणि तिला जागा पुरेना. ठणका पाठीतून खांद्यापर्यंत चढला. मला माहीत होतं की सांगायचंय. मी सांगणारच होते. पण आत्याबाई बोलत होत्या, आणि त्या बोलत असताना मी मध्ये बोलत नाही. त्या थांबल्या की सांगू, असं मला खरोखर वाटलं. ते आता कुणाला सांगितलं तर वेडेपणा वाटेल. तिथं पडल्या पडल्या ते अगदी साधं वाटत होतं.

“दुखतंय का कुठं?” डॉक्टरांनी परत विचारलं. 

“नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मला ऐकू आला. स्वयंपाकघरातला आवाज होता तो. एकसारखा, घडी घातलेला.

गोल हिरवा. लेझर टिकटिक.

आत्याबाई बोलायच्या थांबल्या होत्या. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या, माझ्या दुसऱ्या हाताकडे बघत होत्या. माझा अंगठा मी मुठीत दाबून धरला होता, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत.

“देवयानी. दुखून राह्यलं?”

“नाही, आत्याबाई.”

त्यांचा चेहरा मास्कमागं होता, पण डोळे बदललेले मला दिसले. त्या खुर्चीवरून उठल्या.

“डॉक्टरबाई, मी बाहेर जाते. हितेशला आत पाठवा.”

“आत्ता? अहो, आत्ता हलू नका, श्वास इतका छान लागलाय—”

“लागलेला नाही तो. धरलेला आहे.” त्यांचा आवाज फुटला. “मी इथं बसेन तोवर ही दुखतं म्हणणार नाही. मरेल पण म्हणणार नाही. माझ्या पोराला बोलवा.”

त्यांनी हात सोडवून घ्यायला ओढला. आणि मी तो सोडला नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. त्या चालल्या होत्या. हिरवी साडी नेसून, गल्लीला सांगून आलेल्या, त्या आपण होऊन खुर्ची सोडून चालल्या होत्या.

“दुखतंय,” मी म्हणाले.

“काय?” डॉक्टर वळल्या.

“दुखतंय! आत्याबाई, खूप दुखतंय, फुटतंय हो आत, आई गं—”

पडद्यावरचा गोल पिवळा झाला, लाल झाला, फुटलेल्या फुग्यासारखा वेडावाकडा झाला. टिकटिक बंद पडली. यंत्राचे दोन्ही हात जागच्या जागी थिजले. डॉ. तडवींनी पाणी बंद करून दुर्बीण स्वतःच्या हातात घेतली होती.

“कुठं? वरच्या बाजूला की कमरेकडे?”

“वर! बरगडीत!”

“ओरडा. श्वास हवा तसा घ्या. मी बघते.”

मी ओरडले. आयुष्यात मिहूच्या वेळीसुद्धा इतकी ओरडले नव्हते. आत्याबाई माझ्या डोक्यावर वाकून म्हणत होत्या, “ओरड, अजून ओरड,” आणि त्यांचे अश्रू मास्कवरून माझ्या कपाळावर पडत होते. दुर्बीण एका बोळातून मागं आली, वर वळली. तिथं एका चिंचोळ्या तोंडाशी खड्याचा कपचा आडवा अडकलेला दिसला. बारीक चिमट्यानं डॉक्टरांनी तो धरला आणि ओढला. मागून गढूळ पाण्याचा लोंढा आला, सगळा पडदा पांढरा झाला. आणि माझ्या बरगडीखालची ती मूठ उघडून विरून गेली.

“तो कपचा झडपेसारखा बसला होता,” नंतर त्यांनी सांगितलं. “श्वासाबरोबर किडनी हलली की थोडं पाणी आत शिरायचं, बाहेर मात्र येत नव्हतं. आमचं दाबाचं साधन दुसऱ्या बोळात होतं, त्याला पत्ताच नाही. अजून थोडा वेळ गेला असता तर...” पुढचं त्यांनाही माहीत नव्हतं. किडनीला धक्का बसला होता. खडा अर्धाच निघाला होता. ती पुन्हा काम करते की नाही, हे फक्त वाट बघून कळणार होतं.

वाट बघायची म्हणजे खाटेला टांगलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघायचं. नळी कोरडी. मला ताप. हितेश दाराबाहेर मिहूला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होता, तिचं रडणं जवळ यायचं आणि लांब जायचं. आत्याबाई स्टुलावर बसून पिशवीवर नजर लावून होत्या, तेल तापायची वाट बघतात तशा.

“हितेशच्या वेळी,” त्या पिशवीकडेच बघत म्हणाल्या, “कळा सुरू झाल्या तेव्हा मी भाकरी थापत होते. सासूबाई ओट्यापाशी. आवाज नाही निघू दिला तोंडातून. शेवटची भाकरी उतरवली आन् मग सांगितलं. तेव्हा म्हणे मी, माझ्या घरी असं नाही होऊ देणार.” आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आन् तू चार वर्षं माझ्यासमोर श्वास मोजून राह्यली.”

नाही हो, आत्याबाई, असं म्हणायला तोंड उघडलं होतं.

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या.

पहिला थेंब त्यांनाच दिसला. लालसर होता. मग दुसरा. त्यांनी मला हाक मारली नाही, हितेशला मारली नाही, श्वास रोखून तिसऱ्याची वाट बघितली, आणि तो पडला तेव्हा सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडल्या, “आली! व माय, आली!” हितेश धावत आत आला. त्याला वाटलं, कुणी भेटायला आलं. त्यानं पिशवी बघितली, मला बघितलं, आणि मिहूला माझ्या कुशीत ठेवून तो खाली फरशीवरच बसला, गुडघ्यांत डोकं घालून.

किडनी आधीसारखी झाली नाही, पण चालू राहिली. उरलेला खडा दीड महिन्यानं काढायचं ठरलं. परत पट्टा बांधला. परत आम्ही तिघं पडद्यासमोर, या वेळी आत्याबाईही. डॉ. तडवी बराच वेळ रेघा वर-खाली करत होत्या.

“यंत्रानं कुणाचंच नाव दिलेलं नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुमच्या घरात तुमचा श्वास आता कुणाजवळच स्थिर नसतो. सगळ्या रेघा सारख्याच वाकड्या. सासूबाईंची तर सगळ्यांत.”

“काल मिक्सरच्या झाकणावरून भांडण झालं आमचं,” आत्याबाई म्हणाल्या.

“मग यंत्र वापरता येणार नाही?” मी विचारलं.

“धरायला आणि मोजायला वापरेन. लेझर मी माझ्या हातानं सोडेन. मी सांगेन तेव्हा श्वास रोखायचा, सांगेन तेव्हा सोडायचा. वेळ लागेल, आणि धोका नाही असं मी म्हणणार नाही. सोबती तुम्हीच निवडा.”

मी हितेशकडे पाहिलं.

“आई बसेल,” तो म्हणाला. “मला रक्त बघून चक्कर येते. मागच्या वेळी मी उगाच भाव खात होतो.”

त्या सकाळी मी खूप घाबरले होते, पहिल्या वेळेपेक्षा जास्त. आता मला माहीत होतं काय होऊ शकतं. पाय परके झाले. पडद्यावरचा गोल नारिंगी होता, थरथरत होता, आणि हिरवा व्हायचं नाव घेत नव्हता. आत्याबाई घरातल्याच साडीत आल्या होत्या. त्यांनी खुर्ची माझ्या अगदी तोंडाशी ओढली.

“दुखलं की त्याच क्षणी सांगायचं,” डॉ. तडवी म्हणाल्या. “कळलं?”

“दुखतंय,” मी म्हणाले.

“अहो, मी अजून हातसुद्धा लावला नाही.”

“तरी ऐकून ठेवा,” आत्याबाई म्हणाल्या.